सिंकखालचा फुगलेला तळ आणि गॅसवरची मेणचट शटरं

प्रश्न: आमच्या किचन ट्रॉल्या सात वर्षांपूर्वी केल्या. गॅसच्या वरची आणि बाजूची शटरं इतकी मेणचट झालीत की हात लावला की बोट चिकटतं. साबणाने पुसली, व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावला, फेस भरपूर आला, थर मात्र जिथल्या तिथे. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगलाय, दार उघडलं की कुबट वास येतो आणि रात्री दिवा लावला की झुरळं पळतात. मसाल्याची ट्रॉली अडकत अडकत बाहेर येते. सिंकखालचंच एक शटर लोंबतंय, शेजारच्याला घासतं. सुतार म्हणतो, ताई, सगळं काढून नवीन करा. गणपतीला दीड महिना राहिलाय. एवढा खर्च खरंच करायला हवा का?
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर:

ताई, सुताराला होकार देण्याआधी पंधरा दिवस मागून घ्या. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी सुताराच्या हाताचं काम एकच आहे, ते म्हणजे सिंकखालचा तळ. आणि तिथेही बहुतेक वेळा एक फळी बदलून भागतं. बाकीचं सगळं फडकं, ब्रश आणि स्क्रूड्रायव्हरने मिटण्यासारखं आहे.

मेणचट शटरांना आज हात लावू नका. सात वर्षं थांबलेला थर आणखी आठ दिवस थांबेल. सिंकखाली मात्र रोज थोडं थोडं पाणी मुरतंय, म्हणून सुरुवात तिथून.

कपाट पूर्ण रिकामं करा. तळावर प्लास्टिकची मॅट किंवा वर्तमानपत्र असेल तर काढून टाका. मॅटखाली शिरलेल्या पाण्याला वाळायला वाट राहत नाही आणि वरून सगळं कोरडं दिसत राहतं. तळ कुजल्याचं पुष्कळ घरांत मॅट उचलल्यावरच कळतं.

मग गळती शोधा. सगळे पाइप आणि जोड कोरड्या फडक्याने पुसा आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा: सिंकच्या तोंडाला खालून असलेला कपलिंगचा मोठा नट, बॉटल ट्रॅपचा, म्हणजे सिंकखालच्या बाटलीसारख्या भागाचा, वरचा जोड, ट्रॅपची खालची वाटी, वेस्ट पाइप भिंतीत किंवा जमिनीत शिरतो ती जागा, नळाच्या कनेक्शन पाइपची दोन्ही टोकं, आणि वॉटर प्युरिफायर असेल तर त्याच्या बारीक नळ्या. अर्धा तास नळ न उघडता थांबा. या वेळात कागद ओला झाला तर गळती नळाच्या किंवा प्युरिफायरच्या जोडणीत आहे, कारण दाबाचं पाणी तिथेच असतं. आता सिंकला बूच लावून तो अर्धा भरा आणि दहा मिनिटं थांबा. या वेळी ओला होईल तो कपलिंगचा कागद. मग बूच एकदम काढा. पाणी वेगाने जाताना ओला होईल तो ट्रॅपचा किंवा वेस्ट पाइपचा.

कपलिंग किंवा ट्रॅप गळत असेल तर रबरी वॉशर काढून बघा. कडक झालेला, चिरलेला वॉशर कितीही आवळला तरी पाणी धरत नाही. तो स्वस्तात मिळतो, बदलून टाका. प्लास्टिकचे नट हाताने घट्ट बसवून वर फार तर पाव फेरी द्यावी. पान्याने जोर केला की नट तडकतो आणि ती तड लगेच दिसतही नाही.

एक गळती टिश्यूत सापडत नाही: सिंक आणि ग्रॅनाइट यांच्या सांध्यातली. वाटीने सिंकच्या कडेकडेने पाणी सोडा आणि दुसऱ्या कोणाला तरी खालून बॅटरी मारून बघायला सांगा. थेंब दिसला तर जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढा, कारण जुन्यावर नवं सिलिकॉन धरत नाही. रात्रभर सांधा वाळू द्या, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून सॅनिटरी सिलिकॉन भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकाच ओढीत सारखं करा आणि टेप लगेच काढा. सॅनिटरी प्रकारात बुरशीविरोधी द्रव्य असतं, साध्यात नसतं; साधं वर्षभरात काळं पडतं. चोवीस तास पाणी लागू देऊ नका. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतं, त्यामुळे पावसाळ्यात हे काम अडत नाही. सांधा तेवढा कोरडा हवा.

कोकणात आणखी एक शक्यता तपासायला हवी: पाइप सगळे ठणठणीत आणि ओल भिंतीतून येतेय. कपाटामागच्या उघड्या भिंतीवर फूटभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं असेल तर ओल भिंतीतली, आणि ती बाहेरून बंद केल्याशिवाय नवी फळी बसवून उपयोग नाही. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ती हवेतली ओल, तिला पंखा आणि उघडं दार पुरतं.

यापैकी काहीच सापडलं नाही तर संशय ओटा धुण्याच्या पद्धतीवर घ्या. रात्री आवरून झालं की ओट्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, घासायचं आणि वायपरने सिंककडे ओढायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. ओट्याखाली कडप्प्याच्या पाट्या आणि पितळेचे डबे होते तोवर ती चालून गेली. आता खाली प्लाय आहे. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेवरून उतरलेलं पाणी सरळ जमिनीवर पडत नाही. ते कडेच्या खालच्या अंगाला चिकटून आत वळतं आणि शटरच्या वरच्या काठावर ठिबकतं. सिंकसमोर उभं राहून भांडी घासतानाही हेच होतं. म्हणून सिंकखालची शटरं नेहमी वरच्या काठाला किंवा खालच्या कोपऱ्यात आधी फुगतात, मध्ये कधीच नाही.

ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेखाली बोट फिरवा. लांबलचक खाच लागली तर पाणी तिथे तुटून खाली पडतं. खाच नसेल तर कडेपासून आत एक बोट अंतरावर सिलिकॉनची साधारण 5 मिलिमीटर जाडीची सलग रेघ ओढा. तीही पाणी तोडते. दिसत नाही, खर्च एका नळीचा. आणि ओटा यापुढे पुसायचा. दोन ओली फडकी, एक कोरडं.

आता तो फुगलेला तळ. पाइपसाठी पाडलेल्या भोकाचा काठ नीट बघा. पातळ थर एकावर एक दिसले तर प्लाय. लाकडाचे कपटे दाबल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड. खाकी पुठ्ठ्यासारखा एकसारखा भुगा दिसला तर एमडीएफ. शेवटचे दोन एकदा फुगले की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाहीत, त्यांच्यावर इलाज करत बसू नका. प्लाय वाळल्यावर पुष्कळदा सावरतो. थर सुटले नसतील तर काही दिवस टेबलफॅन लावून, दार उघडं ठेवून वाळवा आणि मग ठरवा.

ठरवायची खूण सोपी आहे. बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक तळावर पाच-सहा ठिकाणी आणि दोन्ही उभ्या बाजूंच्या खालच्या चार इंचांत दाबून बघा. टोक लोण्यासारखं आत जात असेल ती जागा गेलेली. फक्त तळ मऊ असेल तर फक्त तळ बदला. बाजूच्या फळ्याही खालून मऊ असतील तर ती एक पेटी, म्हणजे त्या कपाटाचा सांगाडा, बदलावी लागेल. तिच्या शेजारच्या पेट्या वेगळ्या असतात, स्क्रूने जोडलेल्या. एक गेली म्हणून सगळ्या जात नाहीत. ग्रॅनाइट कडप्प्याच्या उभ्या पाट्यांवर किंवा विटांवर टेकलेला असेल तर पेटी सरळ बाहेर येते. तो थेट पेट्यांवर बसवला असेल तर पेटी काढण्याआधी ग्रॅनाइटला खालून टेकू द्यायलाच हवा, विशेषतः सिंकच्या कटआउटजवळ, कारण दगडाची पट्टी तिथे सगळ्यात अरुंद असते आणि तिथेच तडकते.

नव्या तळासाठी 18 मिलिमीटरचा मरीन प्लाय मागा आणि त्यावर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का स्वतः बघा. नुसतं 'वॉटरप्रूफ आहे' या शब्दाला अर्थ नाही. दोन्ही बाजूंना लॅमिनेट हवं. एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते. आणि सुतार जे बहुधा करत नाही ते करून घ्या: फळी बसवण्यापूर्वी चारही काठांना आणि पाइपच्या भोकाच्या आतल्या काठाला ऑइल पेंटचे दोन हात. पावसाळ्यात दोन हातांमध्ये पूर्ण दिवस जाऊ द्या. लॅमिनेट मधून पाणी पीत नाही, पाणी पितो तो काठ. भोक पाइपपेक्षा थोडं मोठं ठेवून उरलेली फट सिलिकॉनने भरायची. पीव्हीसी फोम बोर्डही इथे चालेल. त्याला पाण्याचं भय नाही, पण स्क्रू कमी धरतो आणि जड ओझ्याखाली वाकतो. सिंकखाली साबणाच्या बाटल्याच असतात म्हणून ठीक. तेलाचे डबे आणि कुकर ठेवायच्या कपाटात तो नको.

झुरळांचं मूळही इथेच आहे. वेस्ट पाइप जमिनीत जातो तिथली मोकळी फट रबरी कॉलरने किंवा एमसीलने बुजवा. ट्रॉल्यांत दिसणारी लहान तपकिरी झुरळं बिजागऱ्यांच्या वाटीत, ट्रॉली ज्यांवर सरकते त्या चॅनेलमागे आणि फळ्यांच्या फटीत राहतात. तिथे झुरळांच्या जेलचे मोहरीएवढे ठिपके द्या, दर कपाटात चार-पाच, आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा आतल्या कोपऱ्यांत. अंड्यांच्या एका कोषातून 30 ते 40 पिल्लं निघतात आणि त्या कोषाला विषबाधा होत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ठिपके पुन्हा द्यावे लागतात. जेल लावल्यावर त्याच कपाटात स्प्रे मारू नका, स्प्रेच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. फटी बुजवताना एक जागा सोडायची: सिलिंडरच्या कपाटाची जमिनीलगतची जाळी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्याला तिथूनच बाहेर पडता येतं.

आता मेणचट शटरांकडे वळू.

साबण हरला, कारण तो थर आता तेल राहिलेलाच नाही. फोडणीबरोबर उडालेले तेलाचे बारीक कण शटरवर बसतात आणि हवेतला ऑक्सिजन व गॅसची ऊब मिळाली की हळूहळू त्यांचे रेणू एकमेकांत गुंतत जातात. जवसाचं तेल रंगांत आणि व्हार्निशमध्ये वापरतात ते याच गुणामुळे. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं त्याच वाटेने जातात, शेंगदाण्याचं सावकाश, खोबरेल जवळजवळ नाहीच. म्हणजे तुमच्या शटरांवर अर्धवट वाळलेलं व्हार्निश आहे आणि त्यात सात वर्षांची पिठाची, तिखटाची धूळ कालवलेली आहे. ते आधी मऊ करावं लागतं. घासण्याचा जोर वाढवून ओरखडे तेवढे मिळतात.

व्हिनेगर आणि सोड्याचं मिश्रण डोक्यातून काढून टाका. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. फेस म्हणजे उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड, मागे राहतं ते किंचित खारट पाणी. नुसतं व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या क्षारांवर चांगलं चालतं, तेलावर त्याचा काही अधिकार नाही.

काहीही लावण्याआधी शटर कशाचं आहे ते ओळखा, कारण एकाला जे चालतं ते दुसऱ्याचा चेहरा बिघडवतं. काठाला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली आणि पृष्ठभाग नखाला दगडासारखा कडक लागला तर लॅमिनेट, म्हणजे आपलं सनमायका. समोरचा भाग आणि काठ एकाच सलग कातडीसारख्या पापुद्र्यात गुंडाळलेले, बहुतेक वेळा कोरीव नक्षीवर, तर मेंब्रेन. आरशासारखी चमक आणि काठाला प्लास्टिकचा जाडसर थर, तर ॲक्रिलिक. मोटारीसारखा रंग आणि काठावर कुठेही जोड नाही, तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग.

सुरुवात सर्वांसाठी एकच. एक लिटर गरम पाणी, हाताला सोसेल इतपत, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा. याहून जास्त घातलं तर साबणाचाच चिकट थर मागे राहतो. कालच पुसलं आणि आज परत चिकट, या तक्रारीमागे पुष्कळदा तोच असतो. तीन फडकी घ्या: एक साबणाचं, एक साध्या पाण्याचं, एक कोरडं. ओली दोन्ही इतकी पिळा की धरून ठेवली तर थेंब पडू नये. साबणाचं गरम फडकं शटरवर पसरून दोन-तीन मिनिटं तसंच दाबून ठेवा, मग पुसा. काठांवर फडकं ठेवू नका. स्प्रेची बाटली असेल तर फवारा फडक्यावर मारा, शटरवर नको. ओघळ खाली जाऊन काठाच्या पट्टीत शिरतो. एका वेळी एकच शटर, आणि कोरडं केल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.

गॅसवरच्या शटरांना एवढ्याने पुरणार नाही. त्यांच्यासाठी तेलच घ्या. फडक्यावर चमचाभर खायचं तेल घेऊन चिकट भागावर गोल गोल चोळा आणि दहा मिनिटं सोडा. ताजं तेल जुन्या थरात शिरून त्याला सैल करतं; बोटाखाली पिवळट गुठळ्या वळू लागल्या की काम झालं. त्या टिश्यूने उचला, जिथे अजून धरून आहे तिथे जुनं एटीएम कार्ड आडवं धरून ढकला, आणि लगेच वरच्या साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा. दुसऱ्यांदा पुसायचा कंटाळा केलात तर नव्या तेलाचा थर घालून ठेवल्यासारखं होईल. ही पद्धत मेंब्रेन, ॲक्रिलिक, पीयू सगळ्यांना चालते आणि आम्ही कुठल्याही विकतच्या डीग्रीझरच्या आधी हीच करून बघायला सांगतो.

लॅमिनेट असेल तर आणखी एक हत्यार आहे: धुण्याचा सोडा. खायच्या सोड्यापेक्षा तो कितीतरी जास्त अल्कलीयुक्त असतो आणि त्या जुनाट थराचा साबण करून टाकतो. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा, वर लिक्विडचे चार थेंब. हातात रबरी मोजे घाला, आधी शटरच्या आतल्या बाजूला कोपऱ्यात लावून बघा. तीन-चार मिनिटं ठेवून पुसा आणि साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा निपटून घ्या. ॲल्युमिनियमचं हँडल किंवा काचेच्या शटरची ॲल्युमिनियम चौकट असेल तर तिच्यापासून हे पाणी लांब ठेवा. सोड्याने ती काळवंडते आणि ते डाग निघत नाहीत. शटरच्या वरच्या काठाला ॲल्युमिनियमची खोबणीची पट्टी हँडल म्हणून असेल तर तिच्यात पीठ आणि तेलाचा लगदा बसलेला असतो. तिथे जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी.

सोडा लावल्यावर एखादा पिवळा डाग अचानक लाल झाला तर घाबरू नका. ती हळद आहे. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच प्रकार. साध्या पाण्याने पुसलं की लाली उतरते. उरलेली पिवळी छटा घासू नका; हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. शटरवर ऊन येत असेल तर काही दिवसांत छटा आपोआप जाते, येत नसेल तर स्क्रू काढून शटर दोन दुपारी खिडकीशी ठेवा.

मेंब्रेनला वाफ आणि गरम हवा नको. तो पापुद्रा उष्णतेनेच ओढून चिकटवलेला असतो आणि उष्णतेनेच सुटतो. ॲक्रिलिकला स्पिरिट, थिनर, काच पुसायचं अमोनियाचं लिक्विड नको, बारीक जाळीदार तडे जातात. पीयूला थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर नको. तारेची घासणी कशालाच नको. हिरवी घासणी आणि पांढरा मॅजिक स्पंज चमकदार पृष्ठभागावर नको, दोन्ही बारीक पॉलिश पेपरसारखे वागतात आणि ती जागा कायमची अंधूक होते. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड यांचा कपाटांशी संबंधच नाही, आणि दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

वरच्या कपाटांचा माथा हा मेणचटपणाचा साठा असतो. एकदा खरवडून साफ केल्यावर त्यावर वर्तमानपत्र अंथरा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला. पुन्हा कधीच खरवडावं लागणार नाही. चिमणी असेल तर तिचे फिल्टर दोन-तीन आठवड्यांनी धुवा. फिल्टर तुंबला की मोटर नुसती आवाज करते आणि तेल शटरांकडे जातं. फोडणीच्या पाच मिनिटं आधी चिमणी लावून नंतर दहा मिनिटं चालू ठेवली तर फरक दिसतो. कुकर वरच्या कपाटाच्या अगदी खालच्या शेगडीवर लावू नका. प्रत्येक शिट्टी त्या कपाटाच्या खालच्या काठावर जाते, आणि त्या काठाची पट्टी सुटायला तेवढं पुरतं.

पट्टी सुटली असेल तर ती फेकू नका. सुतार ज्याला एसआर म्हणतात तो रबरी चिकट पदार्थ पट्टीच्या मागे आणि काठावर, दोन्हीकडे पातळ लावा. दहा-पंधरा मिनिटांत तो बोटाला चिकटेनासा झाला की पट्टी दाबून बसवा आणि रात्रभर मास्किंग टेप लावून ठेवा. ओला असताना चिकटवली तर दोन दिवसांत परत सुटते. याच्या वाफा पेट घेतात. गॅस बंद, खिडकी उघडी.

मसाल्याच्या ट्रॉलीत बहुधा काही तुटलेलं नाही. चॅनेलमधल्या ग्रीसमध्ये पीठ, जिरं आणि तिखट जाऊन त्याचा लगदा झालाय. ट्रॉली रिकामी करून पूर्ण बाहेर ओढा. दोन्ही बाजूंच्या चॅनेलवर एक एक काळी प्लास्टिकची कळ दिसेल. एक वर उचलायची, दुसरी खाली दाबायची, दोन्ही एकाच वेळी, आणि ट्रॉली सरळ आपल्याकडे ओढायची. दोन्ही कळा एकाच दिशेला दाबत बसल्याने कित्येकांना ती निघतच नाही. चॅनेल आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग रॉकेलचा बोळा फिरवून जुनं ग्रीस काढा, सुकू द्या, आणि चॅनेलमधल्या बेअरिंगच्या गोळ्यांच्या रांगेत पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या. खोबरेल घालू नका, ते थंडीत गोठतं आणि एरवी पीठ धरतं. गंज सैल करायचे स्प्रे गंजापुरते ठीक, वंगण म्हणून टिकत नाहीत. ट्रॉली आपोआप हळू बंद करणारे, तिच्या तळाखाली लपलेले चॅनेल असतील तर त्यांना काहीच लावू नका, नुसतं पुसा. गोळ्या गळून पडल्या असतील तर दुरुस्ती नाही, जोडी बदलायची; जुन्या चॅनेलची लांबी इंचांत मोजून न्या.

जाळीच्या बास्केटवर तपकिरी ठिपके असतील तर मिठाची बरणी तिथून हलवा. समुद्राच्या हवेत स्टीललाही मीठ खातं, आणि तारेच्या घासणीचे अडकलेले कण तर स्वतःच गंजतात.

लोंबणारं शटर. आत बघा, प्रत्येक बिजागरीवर दोन स्क्रू एका ओळीत दिसतील. दाराच्या जवळचा फिरवला की शटर डावीकडे-उजवीकडे सरकतं, मागचा सैल केला की आत-बाहेर. पेटीला धरलेल्या पट्टीचे स्क्रू सैल केले की वर-खाली. शटर खाली एका बाजूला कललं असेल तर आधी वरच्या बिजागरीचा पुढचा स्क्रू पाव पाव फेरी फिरवून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यातच सरळ होतं. स्क्रू नुसताच गोल फिरत असेल तर भोक मोठं झालंय. स्क्रू काढा, अगरबत्तीच्या काड्या किंवा काड्यापेटीतल्या काड्यांचे तुकडे फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा, पूर्ण दिवस वाळू द्या, वरचं ब्लेडने कापा आणि स्क्रू पुन्हा पिळा.

बिजागरी गंजली असेल तर मात्र त्या कपाटात काय ठेवता ते बघा. टॉयलेटच्या ॲसिडची बाटली सिंकखाली असते, पुष्कळ घरांत. झाकण बंद असलं तरी तिच्यातून आम्लाची वाफ झिरपत राहते आणि बंद कपाटात ती सगळ्यात आधी बिजागऱ्या आणि स्टीलच्या नळ्या खाते. बाटली बाथरूममध्ये हलवा, मगच नवी बिजागरी लावा. विकत आणताना वाटीचा व्यास बघा, सर्वसाधारण 35 मिलिमीटर असतो, आणि जुनी सोबत न्या, कारण शटर पेटीवर पूर्ण चढतं, अर्धं चढतं की आत बसतं यावर बिजागरीचा बाक बदलतो. तीन फुटांहून उंच शटरला दोन बिजागऱ्या पुरत नाहीत, तिसरी लावून घ्या.

एवढं झाल्यावर सुताराला परत बोलवा आणि त्याच्यासमोर स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. बाकीच्या पेट्या कडक असतील आणि शटरं दिसायला जुनी वाटत असतील तर नुसती शटरं बदलता येतात, पेट्या आणि चॅनेल तेच ठेवून. तीन-चार पेट्या खालून मऊ निघाल्या तरच त्याचं म्हणणं बरोबर, आणि तेव्हाही हे काम गणपतीनंतर, पाऊस ओसरल्यावर करा. भर पावसात आणलेला प्लाय ओल पिऊनच घरात येतो आणि दिवाळीपर्यंत आक्रसून सांध्यांत फटी पाडतो.

नवा तळ बसला की पहिले पंधरा दिवस त्यावर काही ठेवू नका. एक पांढरा कोरा कागद ट्रॅपखाली पसरून ठेवा आणि रोज रात्री ओटा आवरल्यावर एकदा दार उघडून बघा. पाण्याचा थेंब वाळला तरी कोऱ्या कागदावर सुरकुती सोडून जातो.